आरओला हात लावू नये

रविवार, २१ डिसेंबर २०२५. सकाळी ११.

आमचा पोरगा संघर्ष येऊन गेला. सव्वा दहा ते पावणेअकरा. टाकीचं पाणी बदललं, माशांशी बोलला, आईशी बोलला, माझ्या खुर्चीला वळसा घालून गेला. उद्यापासून कंपनीच्या ट्रेनिंगला हैदराबाद. परत २५ जानेवारीला. मधले चार रविवार बुडणार.

दीड वर्ष झालं, माझ्याशी बोलत नाही. कारण मी त्याच्या लग्नाला गेलो नाही. कोर्टात लग्न, वीस माणसं. नोटांच्या प्रेसमधल्या चारशे लोकांच्या लग्नांत मी आहेर केलेत, आणि त्यांना जेवायला घालायची वेळ आली तेव्हा वीस माणसं! पत्रिकेत माझं नाव नव्हतं. पत्रिकाच नव्हती. सुनेबद्दल तक्रार नाही. हर्षाली चांगली आहे म्हणतात.

आता दोघं गंगापूर रोडला भाड्याने राहतात. तिथल्या मालकाला चार फुटी टाकी चालत नाही, म्हणून मासे इथे, नाशिक रोडला, माझ्या हॉलमध्ये. सहा डिस्कस. ताटलीएवढे. संघर्षने नखाएवढे होते तेव्हापासून वाढवलेत. नळाचं जड पाणी त्यांना सोसत नाही, म्हणून बाल्कनीत आरओ. त्या आरओमुळे तो दर रविवारी येतो.

जाताना टाकीवर कागद चिकटवून गेला. आई, आरओला हात लावू नये, पाणी कमी यायला लागलं तर नवनाथला फोन. नवनाथ म्हणजे देवी चौकातला मासेवाला. कागद आईच्या, म्हणजे विमलच्या नावाने आहे. मला लागू नाही.

संकल्प: पोरगा येईल तेव्हा मासे दुप्पट तेजदार. बोलावंच लागेल त्याला.

सोमवार, २२ डिसेंबर.

माशांचं हजेरी बुक सुरू केलं. क्र. १ ते ६. सकाळ-संध्याकाळ सही माझी. विमलने विचारलं, मासे काय पंचिंग करणार का. तीस वर्षं टाइम ऑफिसात चार हजार माणसांची हजेरी सांभाळली, सहा मासे काय.

आज सर्व हजर.

गुरुवार, २५ डिसेंबर.

आरओ मंद. वीस लिटरची बादली भरायला तीन तास दहा मिनिटं. संघर्षच्या वहीत दीड तास लिहिलंय. विमल म्हणाली, नवनाथला फोन करा. म्हटलं, मला मशीनची सवय आहे. ती म्हणाली, तुम्ही टाइम ऑफिसात होता. खरं आहे. पण मशीन हॉल माझ्या खिडकीतून रोज दिसायचा.

शनिवार, २७ डिसेंबर.

निदान पहिलं: प्रेशर कमी. जिन्यात नोटीस लावली की सकाळी सहा ते नऊ खालच्या मजल्यांनी नळ बंद ठेवावेत. दहा मिनिटांत पहिल्या मजल्यावरच्या कुसाबाई वर आल्या. विचारत होत्या, माणसांनी आंघोळ करायची का तुमच्या माशांनी? त्यांना शास्त्र कळत नाही. नोटीस त्यांनी काढली. कचऱ्याच्या डब्यात सापडली.

सोमवार, २९ डिसेंबर.

निदान दुसरं: फिल्टर. उघडले. पांढरा फिल्टर चहासारखा तपकिरी. साबणाचा चुरा आणि कपड्याचा ब्रश लावून घासला. दुसरा काळा. कार्बन म्हणे. हातात घेतला तर काळं पाणी गळायला लागलं. असली घाण माशांना पाजतात! काढून जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवला. फिल्टरची रिकामी बाटली तशीच फिरवून बसवली. एक पार्ट कमी झाला तरी मशीन चालते. याचा अर्थ त्या पार्टची गरज नव्हती.

बादली: दोन तास चाळीस. प्रगती. सर्व हजर.

गुरुवार, १ जानेवारी २०२६.

कॉलनीची बस पहाटे भीमा कोरेगावला गेली. मी गेलो नाही, पहिल्यांदाच. सगळ्यांना सांगितलं, घरी जबाबदारी आहे. कसली ते कोणी विचारलं नाही.

रविवार, ४ जानेवारी. सकाळी १०.१५.

हॉलमध्ये बसलो होतो. सवयीने. कोणी येणार नव्हतं.

कडाक्याची थंडी. आंघोळीनंतर खोबरेल तेलाची बाटली उपडी केली, थेंब पडेना. गोठलेलं. गॅसजवळ धरली, लगेच धार. आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पाण्याचंही तेच! थंडीने आखडतं, म्हणून आरओतून उतरत नाही. विमलला सांगितलं. ती म्हणाली, संघर्षही म्हणतो थंडीत थोडं कमी येतं, चालायचंच. म्हणजे पोराने निदान केलं आणि उपाय सोडून दिला. हल्लीच्या पिढीचं हेच.

निर्णय: आरओला गीझरचं पाणी.

मंगळवार, ६ जानेवारी.

ऐतिहासिक दिवस. बाथरूमपासून बाल्कनीपर्यंत पाइप टाकला. गीझर फुल. विमल शेजारच्या सुवर्णाबरोबर खरेदीला गेली होती, ते बरंच झालं. पहिली वीस मिनिटं काही विशेष नाही. दुसऱ्या बादलीला वेग. चौथी बादली तेरा मिनिटांत!

दीड तासाचं काम तेरा मिनिटांत. संघर्ष इंजिनिअर. मी टाइम ऑफिस. विमलला एवढंच म्हणालो, बघ. ती पाइपाकडे बघत राहिली.

गुरुवार, ८ जानेवारी.

संघर्षच्या खणात पाण्याची शुद्धता मोजायचं पेनासारखं यंत्र आहे. वहीप्रमाणे आरओच्या पाण्याचा आकडा आठ-दहा यायला हवा. आज ३४०. सेल उतरला असणार. नवा सेल घातला. ३४५. यंत्र खराब. नळाचं पाणी तपासलं, तेही ३४५. सगळीकडे एकच आकडा दाखवतंय. खणात परत ठेवलं.

शनिवार, १० जानेवारी.

पाणी मुबलक, मग काटकसर कशाला? संघर्ष आठवड्याला पाव टाकी बदलतो. मी दोन दिवसांत दोनदा अर्धी बदलली. पाण्याला स्विमिंग पूलसारखा स्वच्छ वास येतोय.

मासे पाण्याच्या वरच्या बाजूला आलेत, तोंडं उघडी. माझी ओळख पटलेली दिसते. क्र. ४ जरा काळा पडलाय, कोपऱ्यात आहे. वैद्यकीय रजा लावली.

रविवार, ११ जानेवारी.

क्र. ४ गैरहजर.

तळाशी आडवा होता. विमलने जाळीने काढला आणि ओट्याशी उभी राहून रडली. मला वाटलं नव्हतं ती रडेल. म्हटलं, अगं, सहांत एखादा कमजोर असतोच. ती म्हणाली, हा सगळ्यात दांडगा होता. सोसायटीच्या बागेत जास्वंदीखाली पुरला. कुसाबाई गॅलरीतून बघत होत्या.

मंगळवार, १३ जानेवारी.

क्र. १ आणि ६. सकाळी एक, दुपारी एक.

संध्याकाळी संघर्षचा फोन. मी विमलसमोर उभं राहून हातानेच नको-नको केलं. ती म्हणाली, हो रे, खातात ना, मस्त आहेत. फोन ठेवला आणि म्हणाली, माझ्या तोंडून पुन्हा खोटं बोलवून घेऊ नका. ट्रेनिंगमध्ये पोराचं लक्ष विचलित होऊ नये, एवढाच माझा हेतू.

शुक्रवार, १६ जानेवारी.

क्र. ३. उरले २ आणि ५. दोघं एकमेकांना चिकटून, हीटरच्या मागे. खाणं टाकलं तसंच खाली बसतं.

उपाय: शुद्ध पाण्याचं प्रमाण वाढवणं. आजपासून रोज अर्धी टाकी. माझा आरओ तेरा मिनिटांत देतो, तर रोगाने काय म्हणून जिंकावं?

आज हजेरी बुकात सही दोनदा चुकली. थंडी.

रविवार, १८ जानेवारी.

विमल माझ्याशी बोलत नाही. स्वयंपाक करते, ताट ठेवते, आत जाते. माझ्याशी न बोलणारं हे घरातलं दुसरं माणूस.

सोमवार, १९ जानेवारी.

तिने संघर्षला सगळं सांगितलं. माझ्यासमोर, स्पीकरवर. मी वाट बघत होतो तो ओरडेल. ओरडला असता तर मलाही दोन शब्द बोलता आले असते.  त्याने फक्त विचारलं, किती राहिलेत? दोन म्हटल्यावर म्हणाला, नवनाथला पाठवतो. पप्पा कुठे आहेत, असं विचारलं नाही.

मंगळवार, २० जानेवारी.

नवनाथ आला. सिन्नरकडचा माणूस. आधी गीझरच्या पाइपाला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग आरओ उघडला. मी बाजूला उभं राहून तेरा मिनिटांचा विक्रम सांगितला.

तो म्हणाला, साहेब, ह्यात एक लय नाजूक पडदा ऱ्हातो, त्याच्यातून पाणी थेंबथेंबच गाळायचं असतं. गरम पाण्यानं तो शिजला. आता गाळायला काय नाय, म्हणून धो धो येतंय. मग त्याने विचारलं, कार्बन कुठंय? मी वर्तमानपत्रातला काढून दाखवला. तो म्हणाला, नळाच्या पाण्यातलं औषध हाच धरून ठेवायचा, ते औषध सरळ माशांच्या अंगावर गेलं. तुमचा आरओ आता आरओ नाय, साहेब, नुस्ता नळ हे.

म्हटलं, पांढरा फिल्टर मात्र मी स्वच्छ धुतला होता. तो हो म्हणाला. चांगला माणूस आहे.

दोन्ही मासे त्याने सोबत आणलेल्या पाण्याच्या पिशवीत घेतले. जाताना विमलला म्हणाला, एखादा वाचंल.  हजेरी बुक खणात टाकलं. त्यात लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं.

शनिवार, २४ जानेवारी.

उद्या संघर्ष येणार. काय बोलायचं त्याची तयारी केली. मुद्दा एक: थंडी यंदा जास्त होती. मुद्दा दोन: यंत्राबरोबर माहितीपुस्तक नव्हतं. (होतं. टाकीखालच्या कपाटात. काल वाचलं. पान तीनवर गरम पाण्याचं लिहिलंय, ठळक अक्षरात.) मुद्दा तीन: मला वाटलं होतं तू खूश होशील. तिसरा मुद्दा बोलणार नाही.

रविवार, २५ जानेवारी. दुपारी १.

आला. बरोबर टेम्पो आणि दोन माणसं. हर्षाली खाली थांबली होती, विमल तिला चहा घेऊन खाली गेली.

टाकी रिकामी केली. रेती पोत्यात, हीटर, दिवे, स्टँड सगळं खाली. मी खुर्चीत. मुद्दे तोंडाशी आले होते. तो जवळ आला, माझ्यासमोर वाकला. दीड वर्षांनी बोलला. म्हणाला, पाय जरा वर घ्या. टाकी रिकामी करायचा पाइप माझ्या खुर्चीखालून गेला होता.

मी पाय वर घेतले. त्याने पाइप ओढून काढला. मी म्हणालो, झालं? तो हो म्हणाला. एवढंच संभाषण. आरओ नेला नाही. बाल्कनीतच आहे.

रविवार, १ फेब्रुवारी. सकाळी १०.१५.

हॉलमध्ये बसलोय. एक मासा जगला. पाच नंबरचा. नवनाथच्या दुकानातच ठेवलाय, टाकीही तिथेच लावलीय. संघर्ष आता रविवारी तिकडे जातो, हर्षालीला घेऊन.

तो माझ्यासाठी कधी येत नव्हता, हे मला माहीत होतं. पण अर्धा तास आम्ही दोघं एका खोलीत असायचो. तो पाण्यात हात घालून, मी पेपर उघडून. पान उलटायचं सोडून मी त्याच्या पाठीकडे बघत असायचो. मला तेवढं पुरत होतं. ते मी माझ्या हाताने घालवलं. आणि लग्नाच्या दिवशी मी घरीच होतो, इस्त्रीचा शर्ट घालून, दुपारपर्यंत. कोणीतरी घ्यायला येईल म्हणून.

विमल दहाला गेली दुकानात, डब्यात तिळाच्या वड्या घेऊन. मला चला म्हणाली नाही. म्हणाली असती तरी मी गेलो नसतो, असं लिहायला पेन उचललं होतं.

गेलो असतो.