सिंहासनाखालचे खिळे

ती. बाबांना लांबूनच वाकून नमस्कार.

रविवारी इथला राजवाडा पाहिला. नाव मोठं, लक्षण खोटं! लोक सिंहासनापुढे माना डोलवत होते. मी सुताराचा मुलगा, वाकून खाली पाहिलं. सांधे कसले, नुसते खिळे ठोकून ते लपवायला वर भुसा-सरस फासलेला! पहारेकरी खेकसला. म्हटलं, "असलं काम आमच्या बाबांनी चुलीत घातलं असतं."

बागही तसलीच. बाकांवर बसायचं नाही, हिरवळीवर चालायचं नाही. मग काय लोणचं घालायचंय तिचं?

माझी तब्येत ठणठणीत आहे. आईचा खोकला थांबला का?

फर्निचरच्या कारखान्यात मीही दिवसभर खिळेच ठोकतो, हे गल्लीत सांगू नका. ताई म्हणते, हात थरथरतात म्हणून तुम्ही हत्यारं विकायला काढलीत. थांबा. बिनखिळ्याचा सांधा मला अजून तुमच्याकडून शिकायचाय.

तुमचा,
धाकटा