एका भाकरीला एक ओळ

माय, त्या दिवशी सकाळी मी दाराला बाहेरून कडी घातली, गावच्या गाडीतून पालमच्या स्टँडवर उतरलो आणि दुकानाकडे न वळता नांदेडच्या गाडीत जाऊन बसलो. पिशवीत दोन सदरे, टॉवेल आणि दाढीचा डबा होता. घरात खाटेवर तुझी सून होती. तिला उठता येत नाही, म्हणजे कडी आतून असली काय नि बाहेरून असली काय, तिला सारखंच, असं मी वाटेत स्वतःला समजावत होतो.

तुला यातलं काहीच ठाऊक नाही. तुझ्या मातीला आलेल्या सगळ्यांचा स्वयंपाक हिनं एकटीनं केला होता, इतकी ती धडधाकट होती. नंतर काही वर्षांनी एका दुपारी तिच्या हातातून परात पडली, आणि तेव्हापासून उजवं अंग गेलं ते गेलंच. जीभ जड झाली. दोन-तीन शब्द बोलायलाही तिला वेळ लागतो. पोरगी सासरी, लांब. मी पालमला भांड्यांच्या दुकानात आहे, गिऱ्हाइकांच्या तांब्या-ताटांवर मशीननं नावं घालतो. सकाळी तिला पुसायचं, कूस बदलायची, चमच्यानं चहा पाजायचा, भाकरी टाकायच्या, आणि निघताना कुत्री आत शिरू नयेत म्हणून कडी घालायची. दुपारी शेजारच्या वहिनी कडी काढून तिला जेवू घालतात आणि परत लावून जातात. संध्याकाळी मी येतो आणि पुन्हा तेच. दाव्याला बांधलेली शेळी दाव्याएवढंच चरते, तसा मी पालमपर्यंत जातो आणि घराकडे ओढला जातो. लग्नसराईत दिवसभर नवरा-नवरीची नावं घालताना वाटायचं, यांना पुढचं कुणी सांगत कसं नाही.

रविवारी चर्चमध्ये उपासनेनंतर लोक तिचं विचारायचे आणि म्हणायचे, प्रभू धीर देईल. मी मान हलवायचो. धीर हा शब्द ऐकला की मला तोंडात खडा आल्यासारखं व्हायचं. तुझं पवित्र शास्त्र, ते जुनं बायबल, मी पिठाच्या डब्यावर ठेवलं होतं. उघडणं कधीच बंद झालं होतं. उंदरानं झाकण पाडू नये म्हणून वजन, एवढाच त्याचा उपयोग उरला होता.

तू ते चुलीपुढे ठेवून वाचायचीस. चाळिशीत अक्षरं शिकलीस, तीही माझ्याच पाटीवर. तव्यावर भाकर टाकली की पिठाचा हात पदराला पुसून ओळीखाली बोट धरायचीस, आणि ती भाजून पापुद्रा सुटेपर्यंत तेवढी एकच ओळ. एका भाकरीला एक ओळ. मी बारा वर्षांचा, शाळेत पहिल्या पाचांत येणारा. मला ते सहन व्हायचं नाही.

"माय, एका ओळीला किती येळ लावायलीस? माझं पान झालं बी."

"झालं व्हय? मग सांग, काय म्हणलंय त्यात?"

मी पान मागे उलटू लागलो. तू भाकर उलटवलीस. "जाळ वाढवून भाकर लौकर व्हती, पर आतून कच्ची ऱ्हाती. तसं हाय तुझं."

एकदा त्या दोन कैद्यांची गोष्ट आली होती, खोड्यात पाय अडकवलेले असताना गाणं म्हणणाऱ्या. भूकंप होतो, तुरुंगाची दारं उघडतात, बेड्या गळून पडतात. मला भूकंप आवडला होता. तू मात्र पुढच्या ओळीवर अडलीस. दारं उघडली तरी कुणी पळालं नाही, सगळे तिथंच होते. तीन भाकरी झाल्या, तुझं बोट त्याच ओळीवर.

"येडे हायत का ते? पळायचं की मग!" मी म्हणालो.

तू चुलीतला जाळ मागे ओढलास. मग म्हणालीस, "ते पळाले असते तर शिक्षेच्या भ्यानं त्या तुरुंगाच्या पहारेकऱ्यानं जीव दिला असता की रे बाळा. त्याला बी घरदार व्हतं."

हे सगळं मला गाडीत आठवलं असं नाही. गाडीत मला एवढंच कळत होतं की पालम मागे जातंय आणि छातीवरचं ओझं उतरतंय. शेजारी एक म्हातारी शेंगा सोलत बसली होती. तिनं माझ्या हातावर मूठभर ठेवल्या.

"कुठं चाललाव?"

"नांदेडला."

"कोन हाय तिथं?"

"कोनी न्हाई."

"अन् घरी कोन हाय?"

मी शेंगदाणे तोंडात टाकले. ती हसली. "आता घ्या! जिथं कोनी न्हाई तिथलं सांगायलाव, अन् घरचं इचारलं तर मुके!"

तेव्हा मला तो पहारेकरी आठवला. त्याला तोंड होतं ते खाटेवरच्या तुझ्या सुनेचं. वाटेत लोह्याला मी उतरलो. आकाशातून आवाज बिवाज काही आला नाही. परतीच्या गाडीत उभ्यानं येताना मी चडफडतच होतो.

कडी काढून आत आलो. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"लौकर?"

"दुकान बंद हाय आज," मी म्हणालो. ऐन लग्नसराईत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिठाच्या डब्यावरचं शास्त्र खाली घेतलं आणि भाकर तव्यावर टाकून एक ओळ मोठ्यानं वाचली. वाकडीतिकडी भाकर पाहून ती म्हणाली, "नकाशा... पालम तालुका." आम्ही कितीतरी दिवसांनी हसलो. तेव्हापासून रोज पाच भाकरी, पाच ओळी. बऱ्याच दिवशी त्या ओळींतून मला काहीही मिळत नाही. पण दुसऱ्या दिवशी पुढची ओळ तिथं असते, आणि ती वाचायला मला उठावं लागतं. तुझ्या चुलीपुढं जे होतं ते बहुधा हेच असावं. दिवस तेच आहेत, दावंही तेवढंच आहे, पण तोंडातला खडा जरा विरघळलाय.

फक्त त्या बंद दुकानाच्या खोट्याचं काही होत नव्हतं. निघताना कडी वाजली की मला दाराआडूनही तिची नजर जाणवायची. वाचताना जीभ अडखळायची. अशातच गेल्या आठवड्यात वाचता वाचता ते दोन कैदी आले. पळून जायची सोय असूनही सगळे तिथंच होते, त्या ओळीवर माझं बोट अडलं. तव्याकडे तोंड करून मी सांगून टाकलं. दुकान बंद नव्हतं. मी निघून चाललो होतो. कडी घालून.

"ठावं हाय," ती म्हणाली.

"कसं?"

तिनं डाव्या हातानं समोरच्या फळीकडे दाखवलं. "दाढीचा डबा... न्हवता." थोडा दम घेतला. "दुकानात... दाढी करतेत का?"

तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. डाव्या बाजूचं तिला पुसता आलं, उजव्या बाजूचं मी पुसलं.

मग ती म्हणाली, "भाकर करपायली ओ."

म्हणजे इतके महिने, रोज कडी वाजताना, आज हा येईल की नाही याचा हिशेब ती एकटी करत होती, आणि मला वाटत होतं अडकलोय तो मीच.

हे वाचायला तू असतीस तर या एका कागदाला तुला महिना लागला असता, आणि प्रत्येक ओळीला तू मला थांबवलं असतंस. म्हणून थोडक्यात सांगतो. काल सुट्टी होती. मी बाहेरची कडी स्क्रू काढून उतरवली. आतून एक लाकडी खिटी बसवली, दार ओढलं की आपोआप पडणारी, आणि तिला सुतळी बांधून टोक खाटेच्या डाव्या बाजूला आणलं. ती ओढली की दार उघडतं. आता आत यायचं तर तिला विचारावं लागतं.

आज संध्याकाळी दाराशी येऊन हाक मारली.

"कोन हाय?" आतून आलं. तिला पक्कं ठाऊक असताना.

"मी हाय."

मी चपला काढल्या, पिशवी खाली ठेवली. मग खिटी उचलली गेली.

काढलेली कडी मात्र मी अजून फेकलेली नाही, माय. पेटीत आहे, त्या दिवशीच्या दोन सदऱ्यांच्या खाली.