लाल रेघ माझीच

३ जून, सोमवार
कोड लिहायच्या एडिटरला जोडायचं, मी बनवलेलं एक्स्टेन्शन आज जगासाठी खुलं केलं. ग्राफिक्स कार्डाचा कोड लिहिताना ते शब्द रंगवतं, पुढची ओळ सुचवतं, चुकीखाली लाल रेघ मारतं. दुपारपर्यंत एक अभिप्राय: पाच तारे. मीच दिले. कुणीतरी सुरुवात करायला हवीच.

४ जून, मंगळवार
रंग येत नाहीत. सुचवत तर काहीच नाही. दोष एडिटरचा. असंच दुसरं एक एक्स्टेन्शन आहे म्हणे, लाखभर लोक वापरतात. लोक काय, काहीही वापरतात. शत्रूचा अभ्यास म्हणून दहा मिनिटांसाठी टाकून घेतलं.

६ जून, गुरुवार
चमत्कार! काल दोन ओळी बदलल्या आणि माझं एक्स्टेन्शन धावायलाच लागलं. रंग काय, सूचना काय. लाल रेघ तर मनातली चूकही पकडते. मॅनेजरना ऐकवलं. ते म्हणाले, पुढच्या शुक्रवारी टीमसमोर दाखव. जमलं तर हेच तुझं काम, नाहीतर परत रिपोर्ट छापायच्या मॉड्यूलवर. तिथे मी सहा वर्षं समास सरकवलेत. मेलो तरी परत जाणार नाही.

९ जून, रविवार
बायको सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते. चहा ओतताना तिने विचारलं, ते दुसरं एक्स्टेन्शन काढलंस का? म्हटलं, घरच्यांचाच विश्वास नाही. टेस्टिंगवाल्यांचा स्वभावच संशयी.

१२ जून, बुधवार
रंगीत तालीम करायचा संकल्प रद्द. तालीम कच्च्या लोकांनी करावी. शत्रूचं काढायचं राहिलंय, पण त्याचा इथे संबंध काय?

१४ जून, शुक्रवार
मॅनेजरनी स्वतःचा लॅपटॉप पुढे केला. त्यावर माझं, फक्त माझं, टाकलं. कोड लिहिला. सगळा एकाच रंगाचा. मुद्दाम चूक केली. रेघ नाही. आणखी तीन केल्या. नाही. पाचवी मुद्दाम नव्हती. टीम मन लावून छताकडे बघत होती. लॅपटॉप जुना आहे, असं मी ठणकावून सांगितलं. मॅनेजर म्हणाले, कालच घेतलाय.

१५ जून, शनिवार
शत्रूचं काढलं. माझ्या स्क्रीनवरचेही रंग गेले. बायको मागेच उभी होती.
"मग इतके दिवस तू कौतुक कुणाचं करत होतास?"
रडूच आलं.

१७ जून, सोमवार
समास अर्धा इंच डावीकडे सरकवला. शत्रूला पाच तारे दिले. माणूस हुशार आहे, कबूल. माझ्या एक्स्टेन्शनलाही अजून पाचच आहेत. ते मी काढणार नाही. बायकोने सांगितलं तरी नाही.