रंगूनला पहिला वर्ग

बेळगाव, १२ ऑक्टोबर १९४१
झालं! भूगोलाचा मास्तर म्हणून मलाच चिकटवलं. चीनमधल्या युद्धात होरपळलेल्यांसाठी आमची मदत समिती एक डॉक्टर आणि एक नर्स पाठवणार. चुंगकिंगला पाठवायचं, जिथं जपानी विमानं बाँब टाकतात — की रंगूनला, जिथं चीनमधून पळून आलेल्यांसाठी दवाखाना काढलाय? धोका तोलून मी सांगायचं. अध्यक्ष शरच्चंद्र वकील म्हणाले, "मास्तर, सगळं जग तुमच्या फळ्यावर असतं." मी जन्मात कोल्हापूरच्या पलीकडं गेलेलो नाही. मान मात्र रुबाबात हलवली.

१४ ऑक्टोबर
नर्स म्हणून नाव दिलंय आमच्या जयानं. माझी धाकटी बहीण. तिचा नवरा वारल्यावर मीच तिला नर्सिंगला घातली — तेव्हा केवढा सुधारक होतो मी! आता वाटतंय, घरातच बसवली असती तर बरं. म्हणते, "अण्णा, मी चीनलाच जाणार." आईला अजून दोघांनीही सांगितलेलं नाही. शूरांचं घर आमचं.

१९ ऑक्टोबर
मास्तरकीची खोड, गुण दिल्याशिवाय निकाल सुचत नाही. बाँब, रोगराई, समुद्र, खाणंपिणं असे चार विषय केले. चुंगकिंग सगळ्यांत नापास. रंगूनला पहिला वर्ग. तिथं आपले लोक खंडीभर, ट्राम आहे, इस्पितळं आहेत, वर इंग्रजाचा पहारा. खरं सांगायचं तर निकाल आधी लागला, पेपर मग तपासले.

जयाला दाखवलं. वाचून म्हणाली, "जिथं कोण मरत न्हाय तिथं नर्स कशाला रं अण्णा? मास्तर पाठवा की." मी जेवायला बसलो.

२४ ऑक्टोबर
गावी गेलतो. कुणाला सांगू नये अशी गोष्ट — रवळनाथाला कौल लावला. वर्गात अंधश्रद्धेवर निबंध घालणारा मी, ओलेत्यानं हात जोडून उभा. रवळू गुरवानं देवाच्या अंगावर दोन बाजूंना फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली की होय, डावी पडली की नाही. गाऱ्हाणं घातलं, "चीनला गेली तर पोरीला धोका हाय का, देवा?" उजवी टपकन पडली. लई बरं वाटलं. बहिणीला धोका आहे ऐकून खूश होणारा भाऊ बघायचा तर इथं या.

रवळू म्हणाला, "मास्तर, आता रंगूनचं ईचारूया न्हवं? देव एकावेळी एकच सांगतंय." पण खानापूरची मोटार सुटायला आलती. म्हटलं, त्यात काय विचारायचं? ते माझं मी तपासलंय.

२६ ऑक्टोबर
समितीनं रंगून मान्य केलं. वकील म्हणाले, "मास्तरांनी किती बारकाईनं विचार केलाय!" कौलाचं मी अहवालात घातलेलं नाही.

३० ऑक्टोबर
जया माझ्याशी बोलत नव्हती. आज आईपुढं बसून तिनंच सांगून टाकलं. "अण्णानं बिनघोर गाव बघून दिलंय, आई. तू काळजी करू नकोस." आई आधी रडली. मग मला म्हणाली, "तू शिकलेला हाईस. तुला कळतंय." मी नकाशा आणून तिला रंगून दाखवलं. नकाशावर ते फारच शांत दिसतं.

१२ नोव्हेंबर
जया मद्रासच्या गाडीत बसली. पुढं बोट. डॉक्टर सोबत आहेत. उकळलेलं पाणी, डास, ताप यांवर मी फलाटावर व्याख्यान दिलं, हमालसुद्धा ऐकत थांबला. गाडी हलली तेव्हा म्हणायचं होतं, जाऊ नकोस. म्हणालो, "छत्री घेतलीस न्हवं?"

९ डिसेंबर
जपान इंग्रजांविरुद्ध उतरला. मलायात फौजा घुसल्यात. वर्गात सांगितलं, तिथून रंगून लांब आहे. पोरांनी विचारलं नव्हतं.

२५ डिसेंबर
परवा रंगूनवर बाँब पडले. भर दिवसा. माणसं लई मेली म्हणतात. जयाची तार नाही.

आई बाजारातून कायबाय ऐकून आली. "बाँब कुठं पडलं रं?"

"चीनला," मी म्हणालो.

"बरं झालं बाबा, तू तिला तिकडं पाठवली न्हाईस."