दुभाजकातली वाट कमानीपासून लिंबापाशी नेण्याबाबत

प्रति,
मा. उपविभागीय अभियंता साहेब,
महामार्ग देखभाल उपविभाग, मांजरसुंबा, जि. बीड

अर्जदार : वैजिनाथ पंचाक्षरी मिटकरी, निवृत्त प्राथमिक शिक्षक, मौजे उंबरखडक

विषय : कमानीसमोरील दुभाजकाची फट बंद करून ती खाली लिंबापाशी उघडणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, ‘मूळ मागणीदारांनी ग्रामपंचायतीत समक्ष हजर राहून मागणी मागे घेतल्यास विचार करण्यात येईल.’

महोदय,

पुढचा मजकूर वाचेपर्यंत आपण साहेब नसून चौथीतली मुलगी आहात, अशी कल्पना करावी ही विनंती. पाठीवर दप्तर, हातात दुधाची कॅन. मागे चारा छावणी, तिथे आजी आणि दोन गाई. समोर चौपदरी रस्ता. पलीकडे गाव, गावात शाळा आणि दूध संस्थेचे संकलन केंद्र. आपण कमानीसमोर उभ्या आहात. उजवीकडे रस्ता चढत जातो आणि आभाळात संपतो. डावीकडे तो कापलेल्या टेकडीमागे वळतो. दोन्हीकडून गाडीचा आवाज येतो, गाडी दिसत नाही. आता ओलांडा.

१) ही फट आपल्या कार्यालयाने स्वतःहून तिथे ठेवलेली नाही, हे अर्जदारास मान्य आहे. आराखड्यात ती खालच्या कडुलिंबापाशीच होती, जिथे रस्ता दोन्हीकडे लांबवर सरळ दिसतो. परंतु गावाची कमान वर, टेकडीपाशी. तिच्यावर गावातल्या मोठ्या माणसांची नावे. त्या नावांतले एक, मोहनराव, तेव्हा म्हणाले, “पाव्हणा कमानीखालून यील, का चोरावानी लिंबाच्या आडून?” झाले. फट कमानीसमोरच हवी, या मागणीवर सगळ्यांनी सह्या केल्या. अर्जदाराने लिंबाचे नाव काढले, तर “गुरुजी, तुमी आपली पोरं शिकवा,” म्हणून खाली बसवले.

२) अर्जदाराने पोरेच शिकवली, निवृत्तीनंतरही शाळेत जाऊन शिकवतो. शाळेच्या अंगणात मुलांना पळायला लावले आणि सांगितले, टाळी ऐकू आली की थांबायचे. एकही मूल टाळीच्या जागी थांबले नाही. आधी टाळी कानात शिरते, मग पायाला कळते, मग पाय थांबू लागतात. तेवढ्यात अंगण सरते. पुढे त्याच मुलांच्या हाती पाण्याने भरलेल्या बादल्या दिल्या. तेव्हा काही मुले थेट कुंपणात गेली. गाडीचेही असेच असते, हे चौथीच्या वर्गाला त्या दिवशी समजले. समोरचे दिसल्यापासून चाक थांबेपर्यंत जेवढा रस्ता लागतो, तेवढा रस्ता चालकाला आधीच दिसायला हवा. कमानीपाशी तो दिसत नाही.

३) माजलगावकडून छावणीला चाऱ्याचा ऊस आणणारा ट्रकचालक बद्रीनाथ याचे म्हणणे जसेच्या तसे देत आहे : “गुरुजी, चढ चढलो की मला आधी कमानीवरची नावं दिसत्यात. मग खांब. माणूस लई उशिरा दिसतंय. ब्रेक दाबला म्हंजी काय बैलाची येसण ओढली न्हाई, मागं उसाचं वजन हाय.” छावणीतल्या बायनाबाईंची म्हैस त्याला अशीच उशिरा दिसली. आपले पाहणी पथक जीपमधून येऊन ‘कमान लांबून स्पष्ट दिसते’ असा शेरा देऊन गेले. शेरा खरा आहे. कमान रस्ता ओलांडत नाही.

४) आता आपल्या पत्राबाबत. मागणीवर सही करणारे सगळेच सध्या छावणीत आहेत, कारण गावात पाणी नाही आणि टँकर छावणीलाच येतो. हजेरीच्या वेळी जनावरापाशी मालक नसला तर त्या जनावराचा चारा कापतात. मांजरसुंब्याच्या चौकातून वळसा घालून यावे, तर तेवढ्यात हजेरी होऊन जाते. थेट यावे, तर ती फट. सारांश, फट बंद करण्यासाठी त्याच फटीतून यावे लागते. आपला माणूस छावणीत पाठवून सह्या घ्याव्यात असे सुचवले असता, छावणी आमच्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत नाही असे उत्तर मिळाले. मोहनराव रोज सकाळी पांढरे धोतर नेसून कमानीसमोर येतात, स्वतःचे नाव वाचतात आणि परत जातात.

५) ज्या मुलीची आपण कल्पना केलीत तिचे नाव गंगासागर. दूध संस्थेच्या अध्यक्षा छबुबाई यांची ती नात. मागच्या आठवड्यात दूध घालून परत जाताना ती दुभाजकापर्यंत पोचली आणि तिथेच अडकली. पुढे चढावरून ट्रक, मागे वळणावरून टँकर. तिने शिकवल्याप्रमाणे केले : रस्ता दिसत नसेल तर पाऊल टाकू नये. रस्ता दिसेना, म्हणून ती उभीच राहिली. इकडून अर्जदार आणि तिकडून आजी, दोघे नुसते हात वर करून उभे. उन्हे तापल्यावर बद्रीनाथने आपला ट्रक रस्त्यावर आडवा लावला, तेव्हा ती पलीकडे गेली. त्यानंतर ती शाळेत आलेली नाही. छबुबाईंचा निरोप आला : “मी आले तर गाय उपाशी, न्हाई आले तर पोरगी अडाणी. साहेबाला इचारा, कुठं हुबी राहू?”

साहेब, हा प्रश्न अर्जदाराला सुटला नाही, म्हणून आपल्याकडे पाठवत आहे. उद्या आपला माणूस ग्रामपंचायतीत येऊन बसणार आहे. त्याच्यासमोर कोणी आले नाही, तर प्रकरण निकाली काढणार असे कळते. कृपया तसे करू नये.

आपल्या होकाराकडे डोळे लावून बसलेला,
वैजिनाथ पंचाक्षरी मिटकरी
उंबरखडक, दि. २८ मार्च २०१९

सोबत : १. मूळ मागणीची प्रत. २. ट्रकच्या काचेतून दिसणारी कमान, चौथीच्या मुलांनी काढलेले चित्र. (चित्रात माणूस नाही. शोधू नये.)

ता.क. अर्ज टपालात टाकायचा राहिला, आणि आज आपला माणूस येऊन बसल्यावर जे घडले ते कळवणे भाग आहे. बद्रीनाथ ट्रक लावून हजेरीपुरता मालक म्हणून सगळ्यांच्या जनावरांपाशी जाऊन बसला. गंगासागर पुढे, मागे छबुबाई, मोहनराव आणि बाकीचे सह्यावाले, असे सगळे कमानीकडे न पाहता खाली लिंबापर्यंत चालत आले. तिथे मुलीने दोन्हीकडे लांबवर पाहिले आणि मोठ्यांना निम्म्या रस्त्यापर्यंत आणले. दुभाजक छबुबाईंच्या कमरेइतका उंच, त्यात त्यांचे गुडघे धरलेले. दुभाजक चढणे गुन्हा आहे हे अर्जदार जाणतो. नोटीस काढायची तर अर्जदाराच्या नावे काढावी. गंगासागरने हातातली रिकामी कॅन दुभाजकाला टेकवून पायरीसारखी पालथी घातली, एका हाताने घट्ट धरली आणि दुसरा हात आजीपुढे केला.