लष्करी कसरत क्रमांक दोन

बडोदे, आषाढ शु. ८, शके १८४७

ती. गं. भा. मथुराताईस,

धाकट्या दामोदरचा कृ. सा. न. वि. वि.

इकडे सर्व क्षेम. तुझा रघुनाथ कॉलेजात नियमाने जातो आणि संस्कृतात तेच शिकवणाऱ्या मामाला खाली पाहायला लावणारे गुण मिळवतो, हे तुला ठाऊक आहेच. ठाऊक नाही ते असे की दोन महिन्यांपासून तो फुटबॉल खेळतो. घाबरू नकोस, धावत नाही. दोन खांबांमध्ये उभे राहून चेंडू आत जाऊ द्यायचा नाही, एवढेच त्याच्याकडे काम. त्याला गोलकीपर म्हणतात. आपल्या भाषेत द्वारपाल.

संघाचे गुरू जगदेवराव. पलटणीतले निवृत्त हवालदार, तरुणपणी कुस्त्या मारलेले. गोलकीपरचे बळ पायांत हवे, हे त्यांचे म्हणणे बरोबर. म्हणून रोज पाचशे बैठका, त्यातल्या शेवटच्या शंभर खांद्यावर माणूस घेऊन! रघूच्या मांड्या आता देवळाच्या खांबांसारख्या झाल्या आहेत; आणि खांबाच्या दोन्ही बाजूंनी लोक जसे सुखाने जा-ये करतात, तसा चेंडू करतो. कुस्तीत पाय रोवायचे असतात, ते याने इतके मनावर घेतले की चेंडू हातभर अंतरावरून गेला तरी पाय उपटत नाहीत. ब्रह्म अचल असते खरे, पण ते सर्वव्यापीही असते. आपले चिरंजीव पहिल्याच लक्षणात उत्तीर्ण. मागच्या सामन्यात चार गोल झाले. रावपुऱ्यातले गुजराती दुकानदार आता त्याला 'थांभलो' म्हणतात. भाषांतर नको ना?

लिहिताना हसतो आहे, पण घरात कोणी हसत नाही. श्रावणात भडोचवाल्यांशी सामना आहे. त्यातही असेच झाले तर जागा दुसऱ्याला देणार, असे जगदेवरावांनी बजावले आहे. परीक्षेत घसरला तेव्हा रघू पोटभर जेवला होता. हे बजावले त्या दिवशी मात्र भरल्या ताटावरून उठला. भाऊजी गेल्याला बारा वर्षे झाली. एवढ्या काळात या पोराने स्वतःसाठी काही हवे म्हटल्याचे मला आठवत नाही. हे पहिलेच.

मी कळवल्याचे त्याला कळू नये. लोभ आहे, तो या बातमीने निम्मा होऊ नये.

तुझा
दामोदर

*

वाई, आषाढ व. ५

चि. दामोदर यास मथुराताईचे अ. उ. आ.

पत्रास चार दिवस उशीर झाला. गुडघा जरा धरला होता. पावसाळी हवा, दुसरे काही नाही.

दोन महिने लपवलेस, त्याचा समाचार भेटीत घेईन. आधी पोराचे पाहू. तुमच्या हवालदारांनी त्याला उभे राहायला शिकवले, आता कुणीतरी हलायला शिकवा. मंगळागौरीत आम्ही मुली रात्र रात्र काय करत होतो? कोंबडा आणि बसफुगडी! जगदेवरावांची सगळी पलटण त्यापुढे बसेल.

सौ. आनंदीला येते, तिला शिकवू दे. उकिडवे बसायचे, टाचा टेकायच्या नाहीत, हात कमरेवर. एकेक पाय पुढे फेकत उडायचे. आधी समोर, मग तसेच आडवे, डावीकडे आणि उजवीकडे. एका दमात एकवीस. सतराव्या उडीला डाव्या पोटरीत गोळा येतो. तेव्हा दम कोंडू नये, तोंडाने पकवा घालावा, पक् पक् पक्, म्हणजे श्वास आपोआप चालतो. जमीन ताजी सारवलेली नसावी, पाय घसरतो. नंतर तिळेल चोळावे.

तू तिथे थांबू नकोस. तू हसशील.

आशीर्वाद पुष्कळ आहेत, त्यातले निम्मे रघूला दे.

मथुरा

*

बडोदे, श्रावण शु. ६

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

आज्ञेप्रमाणे मी थांबलो नाही. खिडकी माझीच आहे, तिला तू काही सांगितले नव्हतेस.

रघू आधी ऐकेना. बायकांचे खेळ खेळून तोंड कुठे दाखवू, म्हणाला. सौ. आनंदीने पदर खोचला आणि परसात त्याच्यादेखत तीस उड्या मारून दाखवल्या, मग आमटीला फोडणी द्यायला निघून गेली. पाचशे बैठकांचा आपला मल्ल सहाव्या उडीला उताणा. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ परसात पक् पक् चालते. शेजारणीने आम्ही कोंबड्या पाळल्या का म्हणून विचारले.

तिसऱ्या दिवशी जगदेवराव न कळवता आले. पाहिले, आणि मिशा थरथरल्या. आपल्या शिष्याची ही दशा केल्याबद्दल मला बरेच बोलले. आनंदीने आतूनच नम्रपणे सांगितले की जगदेवभाऊंनी फक्त सात मारून दाखवाव्यात, आम्ही लगेच बंद करू. भाऊंनी चार मारल्या आणि पाट मागितला.

दुसऱ्या दिवसापासून ते मागच्या दाराने येतात. त्यांची अट एकच: या प्रकाराला 'लष्करी कसरत क्रमांक दोन' म्हणावे. मीही एकांतात प्रयत्न केला. संख्या कळवत नाही.

सामना वद्य द्वितीयेला. रघू रात्री अंगरखा उशाशी घेऊन झोपतो. तू तिकडे देवापुढे दिवा लाव, मी इकडे नास्तिकासारखा चेहरा करून बसतो. आणि मजवर माया पातळ होऊ देऊ नकोस.

दामोदर

*

बडोदे, श्रावण व. ३

ती. ताईस कृ. सा. न. वि. वि.

जिंकलो. हे आधी लिहितो, नाहीतर तू मधला मजकूर वाचणार नाहीस.

आपला एक गोल झाला होता, त्यांचा शून्य. शेवटच्या पाच मिनिटांत आपल्याकडच्या एकाने चेंडूला हात लावला आणि त्यांना पेनल्टी मिळाली. म्हणजे त्यांचा एक माणूस बारा पावलांवरून मारणार आणि रघू एकटा. जगदेवरावांनी डोळे मिटले. रघू चवड्यांवर उकिडवा होत गेला, आणि ताई, भर मैदानात त्याने पकवा घातला! बायकांच्या बाजूला आधी एक हसली, मग सगळ्याच. मारणाऱ्याने पळभर तिकडे पाहिले. चेंडू डावीकडे जमिनीलगत आला, आणि आपला खांब तसाच आडवा उडून त्यावर पडला. दुकानदार ओरडू लागले की थांभलो चाल्यो. जगदेवरावांनी डोळे उघडले ते पुसण्यासाठीच.

जागा पक्की झाली. रघू काल तीन वेळा जेवला.

कसरत कुणाची म्हणून जगदेवरावांनी विचारले. वाईचे एक उस्ताद आहेत, एवढेच मी सांगितले. त्यांनी उस्तादांना मुजरा कळवला आहे.

आता सौ. आनंदीची एक शंका. सतराव्याच उडीला, डाव्याच पोटरीत गोळा येतो, आणि ताज्या सारवणावर पाय घसरतो, इतके बारीक बारा वर्षांपूर्वीचे कसे ध्यानात राहिले? मी म्हटले, ताईची स्मरणशक्ती. त्यावर तिने माझ्याकडे जसे पाहिले तसे मी मठ्ठ विद्यार्थ्याकडे पाहतो. काय ते तूच लिही. उत्तर येईपर्यंत तुझा लोभ उसना धरून चालतो.

दामोदर

*

वाई, श्रावण व. १०

चि. दामोदर यास अ. उ. आ.

रघूने सामना जिंकला, भरून पावले. पण पोट बिघडेल, तीन वेळा वाढू नका.

आनंदी तुझ्यापेक्षा शहाणी आहे, हे मी लग्नातच म्हटले होते. दरवर्षी श्रावणात शेजारच्या मंगळागौरीचा आवाज भिंतीपलीकडून येतो. आम्हांला तिथे जायचे नसते. तुझे पत्र आले तेव्हा वाटले, पोराला चुकीचे सांगितले तर? म्हणून स्वयंपाकघराचे दार लावून घेतले. पहिल्या दिवशी नऊ झाल्या. दुसऱ्या दिवशी सारवणावर घसरले, गुडघा तेव्हाचा. चौथ्या दिवशी एकवीस झाल्या, मग पत्र लिहायला बसले. मांजराखेरीज कोणी पाहिले नाही.

उस्तादांचा जगदेवरावांना उलट मुजरा. चार उड्या म्हणजे त्या वयात कमी नाहीत. तुझा आकडा मी विचारत नाही. असेच हसवत राहा.

मथुरा

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी दार लावून आले. बावीस.