गळ्यापर्यंत आलेला स्वेटर

४ नोव्हेंबर, सोमवार

ही पडली. स्टुलावरून. उजव्या मनगटाचं हाड मोडलं, कोपरापर्यंत प्लास्टर. स्टुलावर कशाला चढली होती? तर माळ्यावरची लोकरीची पिशवी काढायला. सकाळी चिरंजीवांचा फोन आला की पुढच्या महिन्यात तिघंही येतोय. फोन ठेवला आणि बाई थेट स्टुलावर. मी आंघोळीत.

डॉक्टरांना हिचा पहिला प्रश्न — विणता येईल ना? ते म्हणाले, दीड महिना चमचासुद्धा धरायचा नाही. पडली तेव्हा रडली नव्हती. हे ऐकून रडली.

५ नोव्हेंबर

त्या स्वेटरबद्दल एकदा लिहूनच टाकतो. नात जन्माला यायच्या आधी तो सुरू झाला. नात आता सहा वर्षांची. आधी मी विचारायचो, कधी होणार? मग विचारायला लागलो, कुणाला होणार? गेली दोन वर्षं म्हणतो, लग्नात घालेल बरं का ती! पाहुण्यांना हा विनोद आवडतो. हिला नाही.

नात म्हणजे आमची फौजदार. फोनवर आली की पहिला हुकूम — आजोबा, फोन सरळ धरा, नुसतं नाक दिसतंय. समोरासमोर तिला एकदाच पाहिलंय, मांडीवर मावत होती तेव्हा. चिरंजीव डोंगरातल्या वीजकेंद्रावर. दरवर्षी ते यायचे म्हणून ठरतं आणि दरवर्षी काहीतरी उपटतं. एकदा यंत्र बिघडलं, एकदा पोरीला ताप, एकदा रस्ता खचला. आम्हीही जात नाही. घाटात हिला गाडी लागते आणि मला दुकान सोडवत नाही.

७ नोव्हेंबर

आज जेवताना ही म्हणाली, "स्वेटर तुम्ही विणा."

मी हसलो. ही हसली नाही.

मी म्हटलं, अगं, मी चष्मे करतो. ही म्हणे, बारीक कामच आहे ना, मग झालं. पाठ तयार आहे. पुढचा भाग अर्धा. बाह्या दोन्ही बाकी. मी सांगते, तुम्ही करा. एवढी वर्षं मी सांगत होतो आणि ही करत होती, असा आव होता. आता खरं काय ते उघडच झालं.

८ नोव्हेंबर

शिकवणी सुरू. सुलट टाका, उलट टाका. मला दोन्ही उलटेच दिसतात. ही समोरच्या खुर्चीत, प्लास्टरचा हात उशीवर ठेवून. सारखी म्हणते, सुई गळा दाबल्यासारखी धरू नका. संध्याकाळपर्यंत मी तीन ओळी विणल्या. हिने पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, उसवा.

११ नोव्हेंबर, सोमवार

दुकानात घेऊन गेलो. गिऱ्हाईक तक्त्यावरची अक्षरं वाचतं तोवर दोन-चार टाके होतात. आज एक मास्तरीणबाई शेवटच्या ओळीपर्यंत वाचून गप्प उभ्या राहिल्या. मी खाली मान घालून टाके मोजत होतो. म्हणाल्या, मला सगळं दिसतंय, तुम्हाला दिसतंय का?

शेजारचा शिंपी दिवसातून दोनदा दारात येऊन उभा राहतो. बोलत नाही. बघतो, मान हलवतो, जातो. त्यापेक्षा बोललेला परवडला.

१४ नोव्हेंबर

टाका गळला! खाली चार ओळी पळत गेला. शेवटी चष्म्याचे स्क्रू धरायचा चिमटा काढला, भिंग लावलं आणि एकेक करत वर आणला. घरी येऊन हिला सांगितलं. म्हणाली, "बरं." पण जेवताना दोनदा विचारलं, कसा काढलात म्हणालात?

एक गोष्ट भिंगातून दिसली. लोकर सरळ नाही, नागमोडी आहे. नुसत्या गुंड्यातही वळलेली. हिला विचारलं. म्हणे, चांगल्या लोकरीला तसंच असतं. असेल.

१५ नोव्हेंबर

काही नाही. विणलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पुढचा भाग काखेपर्यंत आला आणि लोकर संपत आली. पिवळा रंग, त्यातही हिचा ठरलेला — पिकल्या लिंबासारखा. दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून लोकरवालीकडे गेलो. एका भिंतीला नुसते गुंडे, रंगांप्रमाणे रचलेले. तिने माझ्या हातातला तुकडा पाहिला आणि न विचारता वरच्या खणातून तोच रंग काढला. काकूंसाठी मागवून ठेवलेलाच असतो म्हणाली. दरवर्षी एक गुंडा नेतात. पोरगी वाढते, मग सगळं उसवून मोठ्या मापाचे टाके घालायचे तर जास्त लागणारच.

मी म्हटलं, हो ना.

गुंडा घेऊन बाहेर आलो. माझं दुकान डावीकडे, मी उजवीकडे चालायला लागलो होतो. बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

२० नोव्हेंबर

काल विचारलं नाही. आज सकाळी चहा देताना विचारलं. (चहा हल्ली मी करतो. साखरेवरून रोज बोलणी.)

आधी ही म्हणाली, लोकरवाली फार बोलते. मग खिडकीबाहेर बघत राहिली. मी कप धरून उभाच.

"पुरा झाला असता तर पोस्टाने पाठवायला लागला असता," म्हणाली.

मी म्हटलं, मग पाठवायचा. त्यात काय?

"घडी घालून पाठवायला नव्हता विणायला घेतला मी. डोक्यातून घालताना पोरं हात वर करतात ना. तेव्हा मला समोर असायचं होतं."

मग म्हणाली, चहा गार होतोय.

म्हणजे ही दरवर्षी विणायची. ते येणार नाहीत असं कळलं की माझ्या नकळत उसवायची आणि पुढच्या वर्षीच्या मापाने पुन्हा विणायची; म्हणून ती लोकर नागमोडी. आणि मी पाहुण्यांसमोर लग्नाचा विनोद करायचो. हिने एकदाही तोंड उघडलं नाही. त्या विनोदाला आता सुट्टी.

२४ नोव्हेंबर, रविवार

पुढचा भाग झाला! हिने डाव्या हाताने कुरवाळून पाहिला. एका ठिकाणी बोट थांबलं. म्हणाली, इथे उलटाचा सुलट झालाय. उसवू का विचारलं. म्हणे, राहू दे, तुम्ही विणलाय हे कळायला नको का कुठेतरी.

एक बाही सुरू. शिंपी अखेर बोलला — बाही मी शिवून देऊ का कापडाची? मी त्याला अक्षरांचा तक्ता वाचायला लावला. शेवटच्या तीन ओळी आल्या नाहीत. आता त्याचा चष्मा करतोय.

२८ नोव्हेंबर

फौजदारांचा फोन. माप हवं होतं, म्हणून हिने तिला आईच्या ओढणीने हात मोजायला लावला. सूनबाईंनी आकडा सांगितला. फौजदार विचारत होत्या, आजी, आजोबांना विणायला कुणी शिकवलं? ही म्हणाली, मी. मग फौजदारांनी मला विचारलं, आजी मारते का? म्हटलं, प्लास्टर आहे म्हणून वाचलो.

२ डिसेंबर

येत नाहीयेत. रजा नामंजूर.

३ डिसेंबर, मंगळवार

काल पुढे लिहवलं नाही. चिरंजीव फोनवर नीट बोललासुद्धा नाही. दोन माणसं नोकरी सोडून गेली, त्यांच्या पाळ्याही यालाच करायच्या आहेत, एवढंच. पुढच्या वर्षी नक्की, असं म्हणाला. दरवर्षी हेच म्हणतो, आणि म्हणताना त्याचा आवाज लहानपणी शाळेतून मार खाऊन आल्यावर व्हायचा तसा होतो. त्याच्यावर चिडायचं तरी कसं?

संध्याकाळी हिने पिशवी माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, मला एका हाताने जमत नाही, तुम्ही उसवून द्या. पुढच्या वर्षी ती केवढी होईल, अंदाजाने वाढवून घालू.

मी पिशवी घेतली आणि माझ्या कपाटात ठेवली. वर कुलूप लावलं. ही बघत राहिली.

४ डिसेंबर

सकाळी सांगून टाकलं.

"उसवणार नाही. पुरा करतो आणि आपण घेऊन जातो."

"दुकान?"

"दुकानाला शटर आहे."

"आणि घाट?"

"पिशव्या घेऊ. भरपूर."

ही आत गेली. थोड्या वेळाने आतून विचारलं, तिकडे थंडी असेल, माझी शाल कुठे आहे? म्हणजे ठरलं.

९ डिसेंबर

रेल्वेत लिहितोय. अक्षर हलतंय. दुसरी बाही शेवटाला आली, गळा बाकी. समोरच्या बाकावर एक लष्करी मिशांचे गृहस्थ बराच वेळ माझ्या सुयांकडे बघत होते. मग हळूच म्हणाले, आमच्या मातोश्री गळ्याला दोन ओळी जास्त घालायच्या. ही लगेच म्हणाली, त्या कशा घालायच्या? पुढची चार स्टेशनं त्यांचं आणि हिचं गळ्यावर चाललं होतं. मला कुणी विचारलं नाही. मी हमाल.

दुकानाच्या शटरवर शिंप्याच्या हातची पाटी — काही दिवस बंद. 'काही' हा शब्द त्यानेच घातला. मी 'आठ' म्हणत होतो.

१० डिसेंबर, मंगळवार

घाट. बस. हिचे हाल लिहीत नाही, तिने बजावलंय. एवढंच लिहितो की पिशव्या पुरल्या. एका वळणावर माझा हात घट्ट धरून म्हणाली, तुमच्यामुळे. पुढच्या वळणावर तेच म्हणाली, पण जरा निराळ्या सुरात.

गळा बसमध्येच संपवला. झाला. सहा वर्षांनी झाला!

११ डिसेंबर

काल संध्याकाळी पोचलो. चिरंजीवाला कळवलं नव्हतं. वसाहतीतली घरं सगळी सारखी, पत्र्याच्या छपरांची. दार त्यानेच उघडलं. कामाचे बूट अजून पायात. आम्हाला पाहून तो बाजूलाच झाला नाही, दारातच उभा. शेवटी मागून सूनबाई म्हणाली, अहो, त्यांना आत तरी येऊ द्या. ती आतून घाईने पाणी घेऊन आली आणि हिच्या प्लास्टरवर हात ठेवून तशीच बसली.

फौजदार दरवाजाच्या कडेला. फोनवर एवढी बडबड करणारी पोरगी समोर आल्यावर मुकी! माझ्या नाकाकडे मात्र टक लावून बघत होती. ओळख पटवत असणार.

मग स्वेटर. हिने एका हाताने धरला, दुसरी बाजू मी. फौजदारांनी हात वर केले. बाह्या गेल्या. डोकं गेलं आणि अडकलं! मी गळ्याचे टाके फार घट्ट बंद केले होते. आत पिवळ्या अंधारातून आवाज आला — मी आता इथेच राहू का?

चिरंजीव इतका हसला की जमिनीवर बसला. किती वर्षांनी पाहिला असा. सूनबाईने कात्री आणली तर ही ओरडली, खबरदार. मी गुडघ्यावर बसून पोरीच्या डोक्यावरच टाके उसवले, तिथेच पुन्हा सैल विणले. ती आत हलत नव्हती, फक्त विचारत होती, झालं का. झालं. डोकं बाहेर आलं. ही समोरच होती. मी हिच्याकडे पाहिलं नाही. पाहवलं नसतं.

बाह्या चार बोटं लांब आहेत. फौजदार म्हणाल्या, चालेल, मी वाढतेय.

१५ डिसेंबर, रविवार

स्वेटर अंगावरून उतरत नाही. झोपतानाही. सूनबाई म्हणते, धुवायचा कधी? फौजदार शाळेत सगळ्यांना सांगून आल्या की हा माझ्या आजोबांनी विणलाय. एका पोराने म्हटलं, आजोबा विणत नसतात. त्याला फौजदार घरापर्यंत ओढत घेऊन आल्या, मी विणतो हे दाखवायला. मी प्रात्यक्षिक दिलं.

१८ डिसेंबर

चिरंजीवाबरोबर खालच्या बाजारात गेलो. एका टपरीवर म्हातारा लाईनमन बसला होता, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. खिशात छोटा स्क्रू-ड्रायव्हर असतोच, तिथेच बसवून दिली. तेवढ्यात आणखी तिघे आपापले चष्मे काढून उभे. चिरंजीव चहा घेत बघत होता. परत येताना चढावर, पुढे चालत, मागे न बघता म्हणाला —

"बाबा, इथे चष्म्याचं दुकान एकही नाही. सगळे दरीपलीकडच्या गावाला जातात."

मी म्हटलं, हो का. मला दम लागला होता म्हणून तो हळू चालायला लागला.

२० डिसेंबर

हिचं प्लास्टर इथल्याच दवाखान्यात काढलं. मनगट बारीक झालंय. पहिल्यांदा त्या हाताने काय केलं? माझ्या सुया काढून घेतल्या. म्हणाली, फार झालं तुमचं.

८ जानेवारी, बुधवार

एकटाच परतलो. ही तिथेच राहिली. सकाळी दुकान उघडलं, धूळ झाडली, शिंप्याला त्याचा नवा चष्मा दिला. तो घालून त्याने पहिली गोष्ट वाचली ती शटरवर मी नुकतीच लावलेली पाटी — दुकान चालवायला देणे आहे. बराच वेळ वाचत उभा राहिला. मग विचारलं, आणि तुम्ही तिथे जाऊन काय करणार?

म्हटलं, नातीला मोजे हवेत.